दोन जिवांचा एक भाव

कान्हेरीच्या भिंतींवर दात्यांची नावं कोरलीत:
कुणी सोनार, कुणी व्यापारी,
कुणी सोपाऱ्याचा, कुणी कल्याणचा.
बाई वाचून दाखवत होत्या. मी मागे राहून
पाण्याच्या टाक्याच्या काठावर बोट फिरवत होते.
छिन्नीचे घाव अजून हाताला लागतात.
ज्याने छिन्नी धरली त्याचं नाव सापडेना,
म्हणून मीच ठेवलं: पुसक.
वय माझ्याएवढं. पंधरा, सरत आलेलं.

(पुढचं काही पुस्तकात नाही. परीक्षेत लिहू नका.)

पुसकला विकलं तेव्हा तो एकटा नव्हता.
शेजारी पिंजऱ्यात बिबट्याची मादी, ह्याच डोंगरातली.
ती त्याच्या हातून खायची,
दुसऱ्या कुणाचा हातच खायची.
सोपाऱ्याच्या धक्क्यावर यवन व्यापाऱ्याने
आधी तिचे दात बघितले, मग त्याचे,
आणि दोन जिवांचा एक भाव ठरला.
घासाघीस झाली ती मिरीच्या पोत्यांवरून.

जहाजावर एक म्हातारा होता.
त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना,
डावा पाय वाकडा पडायचा म्हणून खलाशी त्याला
तिरका म्हणत.
वारा फिरायची वाट बघत जहाज खाडीच्या तोंडाशी थांबलेलं,
आणि तिरका खारा मासा चघळत सांगायचा
वाळूच्या एका गोल अंगणाबद्दल.
"चहूबाजूंनी पायऱ्या. पायऱ्यांवर माणसं,
शिदोऱ्या सोडून, पोरं खांद्यावर घेऊन.
खाली आपण.
समोरच्या दारातून कोण येणार ते सांगत नाहीत.
कधी यायचा तोच,
ज्याने काल रात्री अर्धी भाकर दिलेली असायची.
कधी हिच्यासारखी कुणी."
"मग तुम्ही काय करायचात?"
"जिंकायचो," तिरका म्हणाला,
आणि पाण्यात थुंकला.

ते कोणत्या भाषेत बोलत, मला ठाऊक नाही.
एकच मासा दोघांत खाल्ला की थोडं कळत असावं.

शेवट मी तीनदा लिहिला.
पहिल्यात पुसक तलवार शिकतो आणि सम्राटाला लोळवतो.
तो माझ्या धाकट्या भावाला आवडला.
दुसरा मी फाडला.
तिसऱ्यात अमावस्येची रात्र, भरती,
पुसक पिंजऱ्याचा अडसर काढतो
आणि ती बाहेरच येत नाही.
पिंजऱ्याची सवय लबाड असते,
मायेसारखी अंगाला बिलगते.
तो आत शिरतो. कपाळ तिच्या कपाळाला लावतो.
मग जिच्यावर कधी आवाजही चढवला नव्हता
तिच्या तोंडावर फाडकन मारतो.
एकदाच.

खाडीत धप्प.
थोड्या वेळाने अजून एक.

उजाडताना व्यापारी येऊन बघतो:
दार ओढून घेतलेलं, आत तिरका,
वाकडा पाय पसरून, मासा चघळत.
"काढा जहाज," तो म्हणतो,
"मला रस्ता माहीत आहे."

परवा रात्री दोन चाळीसला
आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात एक बिबट्या दिसला.
बिष्टकाकांची रिकामी खुर्ची त्याने हुंगली,
पाण्याच्या टाकीपाशी थोडा रेंगाळला,
आणि भिंतीवरून नॅशनल पार्कात गेला. बस्स, एवढंच.
सेक्रेटरी म्हणतात पिंजरा लावा.
सह्यांचा कागद ए विंगपासून फिरतोय,
त्यावर सगळ्यांची नावं ठळक अक्षरात:
कुणी डॉक्टर, कुणी बिल्डर, कुणी रिटायर्ड.

आता कागद आमच्या दारात आहे.
बाबा कधीचे पेन शोधताहेत.
पेन माझ्याकडे आहे.
मी हे लिहितेय.